सात महिने, बावीस डबे: मॅच पेलेटचा अनुभव, आणि वाकलेल्या स्कर्टचं प्रकरण

लेकीच्या दहा मीटर एअर रायफलसाठी एप्रिलपासून आजवर बावीस डबे पेलेट (शिशाचे छरे) घेतले. डब्यात पाचशे. सरासरी सोळाशे रुपये धरले, तर दर वेळी ट्रिगर दाबला की तीन रुपये वीस पैसे गेले. मी पिथमपूरला गिअरच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, त्यामुळे शंभरांश मिलिमीटरवरून भांडायची सवय नोकरीनेच लावली आहे. रायफल सेकंडहँड आहे, जर्मन, हवेच्या सिलिंडरवर चालणारी. तिच्याबद्दल इथे काही लिहीत नाही, ती उत्तम आहे. लिहायचंय ते पेलेटबद्दल, आणि जुलैत आलेल्या एका पार्सलबद्दल, कारण तो राग अजून गेलेला नाही.

आधी निवड कशी केली ते सांगतो. रायफलचं मॅच, म्हणजे स्पर्धेचं, पेलेट म्हटलं की वजन साधारण ०.५३ ग्रॅम. पिस्तुलाचे हलके असतात, ते चुकून घेऊ नका, डबे सारखेच दिसतात. खरा घोळ हेडच्या, म्हणजे पेलेटच्या पुढच्या डोक्याच्या, मापाचा. ४.४९, ४.५०, ४.५१. शंभरांश मिलिमीटरचा फरक, आणि दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, सगळे सारखेच, जे आहे ते घेऊन जा. काडतुसं घरी भरणारे बंदुकीच्या दारूचा प्रकार आणि वजन यांवर महिनोन्महिने घालवतात असं ऐकून होतो. आपल्याकडे दारू नाही, हवा आहे आणि तीही दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरने बांधून दिलेली. उरतं ते पेलेट. निवडायला हातात तेवढंच, म्हणून ते तरी नीट निवडावं असं ठरवलं.

पहिली चूक मायक्रोमीटरची. घरी आणला, हेड मोजायला बसलो. पहिलं ४.४८ भरलं, तेच पुन्हा मोजलं तर ४.४७. शिसं इतकं मऊ की मायक्रोमीटरचा रॅचेट वाजेपर्यंत पेलेटच दबतं. वीस वर्षं माप घेणाऱ्या माणसाला हे कळायला अर्धा तास लागला, पण कळलं. हेडचं माप घरी मोजायच्या फंदात पडू नका, नळीला विचारा.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि तिच्यावर मी तीन संध्याकाळ घालवल्या. साडूंचं इंदूरच्या सराफ्यात दुकान आहे, त्यांच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत दिसतं. रोज कारखान्याची बस सुटली की थेट सराफा. एकेक पेलेट चिमट्याने उचलायचं, काट्यावर ठेवायचं, आकडा थांबेपर्यंत श्वास रोखायचा, मग तीनपैकी एका वाटीत टाकायचं. साडूंनी दागिने मांडायचा काळ्या मखमलीचा ट्रे दिला होता, त्यावर राखाडी पेलेट फार स्पष्ट दिसतात. हा ट्रे पुढे जास्त उपयोगी पडला. दुकान वाढवायची वेळ झाली की बाहेर ओट्यावर खाऊवाल्यांची मांडामांड सुरू व्हायची आणि माझे अजून शंभर राहिलेले असायचे. पाचशेपैकी बहुतेक ५२६ ते ५३४ मिलिग्रॅममध्ये बसले.

आणि तिन्ही वाट्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा पसारा, सारखेच आले! मला ते पटेना. मग कागदावर हिशेब मांडला. आमच्या रायफलचा वेग सेकंदाला साधारण १७२ मीटर. दहा मीटरला लागतात सुमारे ०.०५८ सेकंद. तेवढ्या वेळात पेलेट जवळपास १७ मिलिमीटर खाली येतं. वजन एक टक्का वाढलं आणि हवेचा धक्का तोच राहिला, तर खाली येणंही साधारण एक टक्काच वाढतं, म्हणजे ०.१७ मिलिमीटर. दशांश गुणात (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) ०.१ चा टप्पा ०.२५ मिलिमीटरचा आहे. म्हणजे मी तीन संध्याकाळ जे निवडलं ते एका दशांशाच्याही आत होतं. तेव्हा वजन करण्याबद्दल माझं मत सरळ आहे: चांगल्या मेकचं मॅच पेलेट असेल तर करू नका. पन्नास मीटरवाल्यांचं गणित वेगळं, तो माझा विषय नाही.

हेडचं माप मात्र खरं निघालं. रेंजवरच्या सरांनी रविवारी सकाळची एक लेन दिली. ॲल्युमिनियमचा व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) मी कारखान्यातल्या भंगारातून रीतसर पावती करून घेतला होता, त्याला आत फेल्ट लावलं आणि रायफल क्लॅम्पने टेबलाला बांधली. पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप, प्रत्येक मापाचे, कागदी कार्डावर. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं. एच अँड एन फिनाले मॅच ४.४९ चे ग्रुप सरासरी ८.१ मिलिमीटर आले. त्याच पेलेटचं ४.५० घेतलं तर ६.२. ४.५१ चे ७.०. आरडब्ल्यूएस आर-१० चं ४.५० सुद्धा मारून पाहिलं, ते ६.५. दोन्ही मेक उत्तम आहेत, ४.४९ मध्ये काही खोट नाही, आमच्या नळीला ते सैल पडतं एवढंच. शेजारच्या लेनवरच्या मुलाच्या रायफलला नेमकं तेच आवडतं.

आता हे दोन मिलिमीटर गुणात आणून बघा. पेलेटची जाडी साडेचार मिलिमीटर वजा केली की ८.१ चा ग्रुप उरतो ३.६ चा. म्हणजे मुलीने नेम अचूक धरला तरी सगळ्यात बाहेरचा शॉट मध्यापासून १.८ मिलिमीटरवर: १०.२. ६.२ च्या ग्रुपचा बाहेरचा शॉट ०.८५ वर: १०.६. चार दशांश, तिची काहीही चूक नसताना. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये आपल्या मुलांनी दहा मीटर एअर रायफलचं सांघिक सुवर्ण १८९३.७ गुणांच्या विश्वविक्रमासह घेतलं. त्यात ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील होता, दिव्यांश सिंह पंवार होता आणि आमच्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्यप्रताप सिंह तोमर होता. तिघांचे मिळून १८० शॉट, सरासरी १०.५२. एवढ्या बारीक खेळात पेलेटच चार दशांश खाणार असेल तर पोरीला काय म्हणून ओरडायचं? मे महिन्यात मी ओरडलो होतो, तेव्हा ती ४.४९ मारत होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग ४.५० ठरलं. एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेले, डबे मिळावेत म्हणून फोन केले, दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडे दोन मिळाले, पैसे आधी भरले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पार्सल आलं. भर पावसात, खोक्याचा एक कोपरा भिजलेला. आत एवढं मोठं खोकं आणि त्यात हे दोन डबे नुसते प्लॅस्टिकच्या पिशवीत. कागद नाही, फोम नाही, थर्मोकोलचा तुकडा नाही. डबा कानाशी धरून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. तिथेच पोटात गोळा आला.

पेलेटचा मागचा भाग, स्कर्ट, कागदासारखा पातळ असतो. डोकं नळीच्या आट्यांवर टेकतं आणि स्कर्ट हवेच्या दाबाने फुलून आट्यांत बसतो, हवा अडवतो. मॅच रायफलचा दाब मुळात कमी, त्यामुळे वाकलेला स्कर्ट नळीत पूर्ण सरळ होत नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना वाकलेल्या बाजूने हवा आधी सुटते आणि पेलेटला कडेला ढकलते. माझ्या मते सगळ्या खेळातला सगळ्यात मोठा शत्रू हाच आहे आणि याच्यावर कुणी बोलत नाही. सगळे वजन-वजन करतात.

मखमलीचा ट्रे काढला. टेबललॅम्प आडवा लावला. पेलेट डोक्यावर उभं करायचं, स्कर्टचं तोंड वर, आणि बोटाने हळूच फिरवायचं. गोल असेल तर कडेवर प्रकाशाची अखंड रेघ फिरते. वाकलेलं असेल तिथे रेघ तुटते. एका डब्यात ७१ निघाले, दुसऱ्यात ६४. एकूण १३५, म्हणजे चारशे बत्तीस रुपये. त्यातले वीस मुद्दाम क्लॅम्पवरून मारले. ग्रुप १४ मिलिमीटरचा! बाहेरचा शॉट ९.१. स्पर्धेत असं एक पेलेट हाताला लागलं तर पोरगी आयुष्यभर स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसेल.

विक्रेत्याला फोटो पाठवले, ट्रेवर दहा-दहाच्या ओळीत लावून. उत्तर आलं, “लेड है भाईसाहब, थोड़ा-बहुत तो मुड़ेगा.” मी म्हटलं, मुडेल म्हणूनच पॅकिंग करतात. मग कुरिअरवर ढकललं. कुरिअरवाल्याने खोकं दाखवायला सांगितलं, खोकं शाबूत होतं, म्हणजे दोष पॅकिंगचा. पुन्हा विक्रेता. सतरा दिवस हे चाललं. शेवटी म्हणाला, पुढच्या ऑर्डरमध्ये दोनशे रुपये वळते करतो. पुढची ऑर्डर त्याला दिली नाही, देणारही नाही. चारशे बत्तीस रुपयांसाठी एवढं कशाला, असं बायको म्हणाली. आमच्या घरात दूधवाल्याच्या हिशेबातले सहा रुपयेही ती सोडत नाही, तेव्हा तिलाही ते पटलेलंच होतं. आता पुण्याहून येणारं कुणी असेल तर हातात आणवतो. प्रत्येक पेलेट वेगळ्या खोबणीत बसवलेले पॅकही मिळतात, पण ते रोजच्या सरावाला परवडणारे नाहीत. स्पर्धेसाठी साध्या डब्यातले शंभर ट्रेवर निवडून फोमच्या खाचांत ठेवतो, तेच काम होतं.

इथपर्यंतचं मी सप्टेंबरमध्येच लिहून ठेवलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं की नवा लॉट खराब आहे. ते खोडतोय. सप्टेंबरमध्ये ग्रुप अचानक ७.५ वर गेले होते. मी लॉटला दोष दिला, जुन्या लॉटचे ठेवणीतले पन्नास काढून मारले, तर तेही ७.५. म्हणजे पेलेट निर्दोष. कारण माझंच होतं. पावसाळा म्हणून मी रोज संध्याकाळी नळीतून फेल्टचे गोळे काढत होतो, मशीन पुसून ठेवायच्या सवयीने. नळी अगदी कोरडी, चकचकीत झाली की पहिले पंचवीस-तीस शॉट ती बसत नाही. शिशाचा पातळ थर परत चढला की ग्रुप आवळतो. पोर पहिले दोन आठवडे सायटरमध्येच, म्हणजे गुण धरण्याआधीच्या चाचणी शॉटमध्येच, हैराण. आता दर डब्यामागे एकदा साफ करतो आणि त्यानंतर तीस शॉट मोजून सोडून देतो. ग्रुप पुन्हा ६.३ वर आले. लॉट बदलल्याने आमच्याकडे तरी काही फरक पडलेला नाही.

आणखी एक मत बदललं. आधी मी ठाम होतो की सरावालाही तेच महाग पेलेट हवं. महिन्याला तीन डबे जायला लागले तेव्हा हिशेब बोचला. सरांशी बोललो. उभं राहण्याचा, श्वासाचा सराव करताना ती आता निम्मे शॉट कोरडे मारते, पेलेटशिवाय. उरलेल्या शॉटना एक तृतीयांश किमतीचं देशी पेलेट वापरतो, गुण न मोजता, लक्ष्याचा कागद कोराच लावून. गुण मोजायचे त्या दिवशी फक्त ४.५०. ऑक्टोबरमध्ये महाग डबा एकच लागला.

पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर पेलेटवर पांढरट भुकटी येते. ती शिशाची आहे, नुसती धूळ समजून फुंकू नका. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पेलेट तोंडात धरायची सवय काही जुन्या लोकांना असते, मुलांना ती अजिबात लागू देऊ नका. रेंजवरून आलं की आधी साबणाने हात, मग जेवणाचा डबा उघडायचा. जेवणाच्या टेबलावर ट्रे मांडायला घरून बंदी आहे आणि ती बरोबर आहे, मी आता गॅलरीत बसतो.

माझ्याकडे फिनाले मॅच ४.४९ चे दीड डबे पडून आहेत, ट्रेवर तपासलेले, वाकलेले काढून टाकलेले. इंदूरमध्ये कुणाच्या नळीला चालत असतील तर आधी वीस मारून बघा, ते वीस माझ्याकडून. ग्रुप आला तरच डबा न्या, अर्ध्या किमतीत. रविवारी सकाळी मी रेंजवर असतो, क्लॅम्पही बरोबर असतो.