ऑम्नीचा गिअरबॉक्स घरी बदलला, त्यासाठी घेतलेला गिअरबॉक्स जॅक कसा आहे

आमची ऑम्नी बेळगावात खानापूर रोडला रोज पळते, सकाळी दुधाचे कॅन आणि दुपारी उद्यमबागेत जेवणाचे डबे, त्यामुळं गाडी दोन दिवस उभी राहिली की घरात लगेच जाणवतं. उन्हाळ्यात दुसरा गिअर सुटायला लागला, म्हणजे चढाला अ‍ॅक्सिलेटर सोडला की दांडी आपोआप न्यूट्रलला, नंतर तर हातानं धरूनच चालवायची वेळ आली. गॅरेजमध्ये विचारलं तर दहा दिवस गाडी ठेवा म्हणाले. दहा दिवस डबे कसे पोचवायचे? मग मी आणि मेव्हण्यानं ठरवलं, स्क्रॅपमधून चांगला गिअरबॉक्स बघून आणायचा आणि घरीच चढवायचा.

ऑम्नी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ ला बंद झाली, पण आमच्या भागात अजून भरपूर आहेत म्हणून पार्ट मिळतात. रचना पण सरळ आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्या मागं ४ गिअरचा बॉक्स, तिथनं प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागं नेणारा लांब दांडा) मागच्या एक्सलला. सीट उचलली की वरचं बरंच काम हाताला येतं, बाकीचं खाली झोपून.

आता जॅकबद्दल. उद्यमबागेतल्या एका दुकानातनं ५०० किलोचा चाकांवरचा गिअरबॉक्स जॅक घेतला, साडेतेरा हजाराला. दुकानदार आण्णा आधी कन्नडमधनं बोलत होते, माझं ऐकून मराठीत आले आणि पहिलाच प्रश्न विचारला, गाडी किती उचलणार? तेव्हा मी नीट ऐकलं नाही, ते पुढं सांगतो.

साध्या ट्रॉली जॅकवर का नको हे आधी सांगतो कारण मी पण काही वर्षांपूर्वी तसंच करायला गेलो होतो. गिअरबॉक्सचं वजन मध्यभागी नसतं, बेल हाउसिंगकडं (क्लचवरचं घंटेसारखं कवच, इंजिनाकडची बाजू) जड आणि शेपटीकडं हलकं, त्यामुळं छोट्या गोल पॅडवर तो कधी कलंडेल सांगता येत नाही आणि तुम्ही त्याच्याच खाली झोपलेले असता. या जॅकला वर चार हात आहेत, बॉक्सच्या आकाराप्रमाणं सरकवून घट्ट करायचे, वर साखळी, आणि दोन स्क्रूनं पुढं-मागं आणि आडवं झुकवता येतं. हे झुकवणं म्हणजे खरं पैसे वसूल. बॉक्स काढला की मागचा आधार जातो आणि इंजिन मागच्या बाजूला खाली बसतं (म्हणून इंजिनखाली लाकूड ठेवून दुसरा जॅक लावायचाच), मग परत चढवताना इनपुट शाफ्ट (बॉक्समधनं इंजिनाकडं निघालेला दांडा) बरोब्बर त्याच तिरक्या रेषेत क्लच प्लेटच्या दात्यात गेला पाहिजे. आम्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवून रेष जुळवली, मेव्हण्यानं बॉक्सचा मागचा शाफ्ट जरा फिरवला आणि बॉक्स स्वतःहून आत सरकला. बोल्ट आवळून ओढायची गरज पडली नाही. अर्धवट घुसलेला बॉक्स शाफ्टवर लटकत ठेवलात तर क्लच प्लेटचा हब (मधला दात्यांचा भाग) वाकतो, तेवढं लक्षात ठेवा.

त्रास कुठं झाला तर चाकांना. लोखंडी बारकी चाकं आहेत, फरशीवर ठीक, आमच्या अंगणात मुरुम आहे तिथं रुतून बसली, शेवटी प्लायवूडचे दोन तुकडे टाकून त्यावरनं ढकलला. दुसरं, जॅक पूर्ण खाली घेतला तरी त्याची स्वतःची उंची बरीच आहे, वर बॉक्स बसला की गाडीखालून बाहेरच येईना. आण्णांचा प्रश्न तेव्हा कळला. उंच घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आणून गाडी परत वर घेतली, त्यात अर्धा दिवस गेला. आणि खाली सोडायचा व्हॉल्व्ह फार तिखट आहे, जरासा जास्त उघडला की चार बोटं धपकन खाली, म्हणून रिकाम्या जॅकवर आधी हात बसवून घ्या. साखळी पण आखूड आहे, मी वेगळा पट्टा लावला.

जॅक सोडून दोन गोष्टी, कारण यात लोक चुकतात. प्रोपेलर शाफ्ट सोडायच्या आधी फ्लँजवर (बोल्टनं जोडलेल्या चकतीवर) रंगाची खूण करा, तसाच बसवा, नाहीतर गाडी थरथरते. आणि बॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल घाला, जीएल-५ आतल्या पितळी रिंगांना मानवत नाही.

कोणी ऑटोमॅटिक व्हॅनसाठी हा जॅक बघत असेल तर वजन पेलेल, पण ऑटोमॅटिक बॉक्सच्या खाली पातळ पत्र्याचा ऑइल पॅन असतो, मध्ये फळी ठेवल्याशिवाय हात आवळू नका. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो ऑइलचा गोळा) पुढं घसरू नये म्हणून बांधून ठेवायचा आणि बसवताना फिरवत फिरवत पंपावर पूर्ण मागं गेलाय हे बघूनच बोल्ट लावायचे, नाहीतर पंपच फुटतो. त्याचं ऑइल पण कंपनीनं सांगितलेलंच, लेव्हल इंजिन चालू ठेवून ठरलेल्या तापमानाला बघायची. ते काम मी केलेलं नाही, मेव्हण्यानं दुसऱ्याच्या हाताखाली केलंय.

आमचं काम शनिवारी सकाळी सुरू झालं आणि रविवारी रात्री संपलं, सोमवारी डबे वेळेत पोचले. पाचपैकी साडेतीन देतो, चाकं रबराची असती तर साडेचार दिले असते. परवा जांबोटीच्या चढाला मुद्दाम दुसऱ्यात नेली, अ‍ॅक्सिलेटर सोडून बघितला, दांडीला हात न लावता. जागची हलली नाही.