चालायच्या रस्त्याचे चोवीस हजार

एकूण १,२५,६८५ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत तो आता दोन लाखांवर पोचलाय.

मी बँकेत ३१ वर्षं काढली. सही जराशी वाकडी दिसली की चेक परत करणारा माणूस मी. तेव्हा 'तुम्ही कसे काय फसलात?' हे कृपा करून विचारू नका. घरात रोज विचारलं जातं, तेवढं पुरे आहे.

मुलगा न्यू जर्सीला असतो. आमच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून त्याने चौघांसाठी न्यू इंग्लंड-कॅनडाची क्रूझ बुक केली. ते बुकिंग चोख होतं. वाटेत एक दिवस न्यूपोर्टचा थांबा होता, ऱ्होड आयलंड राज्यातलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या गर्भश्रीमंतांनी उन्हाळ्यापुरतं राहायला समुद्राकाठी वाडे बांधले, ते हे गाव. ७० खोल्यांच्या वाड्यालाही तिथे 'कॉटेज' म्हणायची पद्धत. मला वाटलं, सगळंच पोराने का करावं? हा एक दिवस आपल्या खर्चाने, आणि सरप्राइज. सरप्राइज म्हणून त्याला विचारलं नाही. ठगाला घरच्यांपासून लपवून खरेदी करणारं गिऱ्हाईकच लागतं, आणि मी आयता चालत गेलो.

पुण्यात कर्वे रस्त्याला दुसऱ्या मजल्यावर एका सहल कंपनीचं ऑफिस. भिंतीभर जहाजांचे फोटो, टेबलावर छोटा गणपती, समोर पंचविशीतला मुलगा, दर वाक्याला 'काका'. माणशी २८,५०० रुपये: टेंडर बोट ४,५००, क्लिफ वॉकची परवानगी ६,०००, ब्रेकर्स वाड्याचं तिकीट आणि गाइड ९,५००, एसी बस आणि 'कॉटेज लंच' ८,५००. चौघांचे १,१४,०००. वर जीएसटी ५,७०० आणि टीसीएस, म्हणजे परदेश सहल विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारात भरायचा आयकर, ५,९८५. खरं सांगू? त्या टीसीएसनेच माझा विश्वास बसला. चोर कशाला टॅक्स कापेल, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

आता तो क्षण. क्यूआर स्कॅन केला आणि फोनवर नाव आलं ते कंपनीचं नाही, कुणा बाईचं. अंगठा पिनवर थांबला. विचारलंही मी. तो हसून म्हणाला, "काका, त्या आमच्या अकाउंट्सच्या मॅडम. करंट अकाउंटचं केवायसी चालू आहे ना." केवायसी! आयुष्यभर मी लोकांना ज्या शब्दाने परत पाठवलं, त्याच शब्दाने त्याने मला गप्प केलं. ७५,००० टाकले. यूपीआयची दिवसाची मर्यादा लाखाची, म्हणून उरलेले ५०,६८५ दुसऱ्या दिवशी. म्हणजे विचार करायला मला अख्खी रात्र मिळाली होती. त्या रात्री मी बॅगांची वजनं करत बसलो.

पावतीवरचा जीएसटी नंबर १४ अक्षर-आकड्यांचा होता. असतो १५ चा. हे मी परत आल्यावर मोजलं. तुम्ही पैसे देण्याआधी मोजा, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे.

जुलैत रिटर्न भरताना २६एएस, म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारं आयकर खात्याचं विवरण, उघडलं होतं. पुढचं वर्ष निवडलं असतं तर टीसीएसच्या रकान्यात काहीच नाही हे तिथेच दिसलं असतं. एक क्लिक. नाही केलं.

न्यूपोर्टला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. बाहेर नांगर टाकतात आणि जहाजाच्याच छोट्या बोटी लोकांना पेरॉटी पार्कला आणून सोडतात. त्याच टेंडर बोटी. त्यांना तिकीट नसतं. आमच्या व्हाउचरवर भेटायचं ठिकाण होतं 'न्यूपोर्ट क्रूझ टर्मिनल, गेट २'. असलं काही गेट तिथे नाही. नारिंगी पाटीवाला गाइड येईल म्हणून आम्ही १ तास ४० मिनिटं बाकावर बसलो. पोरगा मधूनमधून माझ्याकडे बघायचा, पण बोलायचा नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

शेवटी शेजारच्या पर्यटक केंद्रात गेलो. पांढऱ्या केसांच्या बाईंनी व्हाउचर हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "क्लिफ वॉक इज फ्री, डिअर." मागे रांगेत आमच्याच जहाजावरचे लोक होते. साडेतीन मैलांचा सार्वजनिक रस्ता, एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला ते वाडे, कोणीही जावं. बायको तेवढंच म्हणाली, "अहो, पर्वती चढायला कोणी सहा हजार मागितले असते तर दिले असते का?"

टॅक्सी करून गेलो, चाललो. फॉर्टी स्टेप्सपाशी सुनेने फोटो काढले. व्हँडरबिल्टांचा १८९५चा ब्रेकर्स मी पाठीमागून, कुंपणापलीकडून पाहिला. हिरवळ सुंदर आहे. बोटीची वेळ सांभाळायची होती. खासगी सहल घेतली आणि उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, तेही ध्यानात असू द्या.

पुण्यात आलो तर ऑफिसला कुलूप. वॉचमन म्हणाला, गणपतीतच रिकामं केलं.

बँकेत गेलो. समोरची मुलगी म्हणाली, "सर, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, ट्रान्झॅक्शन ऑथराइज्ड आहे." हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर पैसे गेल्याच्या पहिल्या तासात लावायचा असतो, मी चार महिन्यांनी लावला. पण पोलीस चौकीचं काय? पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, "तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, हे सिव्हिल मॅटर." तिसऱ्या दिवशी मी कलमं पाठ करून गेलो: फसवणूक म्हणजे न्याय संहितेचं ३१८, जुनं ४२०, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. हवालदार शांतपणे म्हणाला, "काका, घटना अमेरिकेत घडली ना?" अहो, पैसे कर्वे रस्त्यावर दिले! "पण सेवा तिकडे मिळाली नाही ना?" यावर काय बोलायचं? दोन तास बाकावर बसवून चहासुद्धा मलाच आणायला लावला, ६ कप, ९० रुपये. अर्ज लिहिला तर मराठीत का लिहिला नाही, मराठीत लिहिला तर रक्कम अक्षरात का नाही. त्या पोराकडे माझ्या पॅन कार्डाची झेरॉक्स आहे, त्याचं काय, या प्रश्नाला उत्तर मिळालं, "जपून राहा."

ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही, म्हणून तेवढं तरी कराच. फक्त ऑफिसचा पत्ताच राहिला नाही, तर नोटीस जाणार कुठे?

चौकीने शेवटी अर्ज घेतला. मूळ व्हाउचर जोडा म्हणाले. मी ती चारही प्रवासात खराब होऊ नयेत म्हणून लॅमिनेट करून घेतली होती. हवालदाराने एक हातात घेऊन वाकवून पाहिलं आणि परत केलं. "यावर शिक्का बसत नाही. प्लॅस्टिक काढून आणा." काल रात्री बायकोने ब्लेड आणून दिलं. पहिल्याच व्हाउचरची शाई प्लॅस्टिकला चिकटून निघून आली.