ईबर्ड अ‍ॅप : बडोद्यात तीन हिवाळे वापरून झाल्यावर

ईबर्डबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, पण नुसतं "मस्त अ‍ॅप आहे, फुकट आहे, टाकून घ्या" एवढंच लिहायचं नव्हतं म्हणून थांबले होते, आता तीन हिवाळे झाले वापरून, वढवाणा, कमाटीबाग, टिंबी तलाव, घराची गच्ची असं सगळीकडे, तर आता लिहिते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ईबर्ड म्हणजे आपण पाहिलेल्या पक्ष्यांची यादी नोंदवायची सोय. अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी या पक्षीअभ्यास संस्थेने ऑडुबॉन सोसायटीबरोबर ती २००२ साली वेबसाइट म्हणून सुरू केली, अ‍ॅप नंतर आलं. तुम्ही फिरायला निघालात की स्टार्ट दाबायचं, वेळ आणि अंतर ते आपोआप मोजतं, दिसेल तो पक्षी आणि त्याचा आकडा टाकत जायचं, घरी निघताना स्टॉप. नेट नसलं तरी चालतं, यादी नंतर पाठवता येते. जीपीएस सतत चालू राहतं त्यामुळे मोबाईल पूर्ण चार्ज करून न्या. वापरायला इतकं सोपं आहे की त्यावर जास्त लिहीत नाही.

खरं लिहायचंय ते शेवटच्या प्रश्नाबद्दल. यादी पाठवायच्या आधी ते विचारतं की तुम्हाला दिसलेले, ऐकू आलेले आणि ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का, हो की नाही. मी पहिल्या वर्षी न वाचताच हो दाबत होते. आणि यादीत काय असायचं, तर पट्टकादंब, चमचे (चमच्यासारख्या चोचीचे), चक्रवाक, तलवार बदक, एखादा झुंबरासारखा लटकलेला सुगरण. कावळे, पारवे, साळुंक्या, टिटव्या कोण लिहितंय, त्या तर रोजच्याच! मग एका ओळखीच्या काकांनी (हे आमच्या बरोबर वढवाण्याला येतात, रिटायर्ड आहेत, दुर्बीण कायम गळ्यात) माझी यादी बघून विचारलं, "अगं तू तीन तास होतीस ना, एकही साळुंकी नव्हती?" मी म्हटलं काका होत्या की, ढिगाने होत्या, लिहिल्या नाहीत. ते म्हणाले, "मग तू लिहिलंयस की नव्हत्या."

हे डोक्यात बसायला मला दोन दिवस लागले. म्हणजे बघा, हो दाबलेल्या यादीत जो पक्षी नाही तो तिथे त्या वेळात दिसला नाही असं धरलं जातं. अशा शंभर यादींपैकी किती यादींमध्ये साळुंकी आली, दहा वर्षांपूर्वी किती यादींमध्ये यायची, यावरूनच ती वाढतेय की कमी होतेय हे काढतात, कारण देशातल्या सगळ्या साळुंक्या कोणी मोजूच शकत नाही. तुम्ही किती वेळ होतात आणि किती चाललात हे पण म्हणूनच लागतं, तासभर फिरणाऱ्याला आणि दहा मिनिटं गॅलरीत उभं राहणाऱ्याला एका मापाने मोजून कसं चालेल. मी दाबलेल्या त्या चुकीच्या "हो" मुळे बडोद्यातल्या साळुंक्या कागदावर गायब होत होत्या. त्या सगळ्या जुन्या याद्या मी एका रविवारी बसून उघडल्या आणि "नाही" करून टाकल्या. तशा याद्याही फुकट जात नाहीत, पक्षी कुठे दिसला हे त्यातून कळतंच.

आणि हा डेटा नुसता पडून राहत नाही हे मला सगळ्यात आवडतं. देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल यावरच उभा आहे, सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी, ९४२ जातींचा अभ्यास. त्यातल्या ३३८ जातींचाच लांब पल्ल्याचा कल सांगता आला आणि त्यात २०४ कमी झालेल्या, ९८ स्थिर आणि फक्त ३६ वाढलेल्या. मोर आणि कोकीळ वाढलेल्यांत आहेत, ते तर आपल्याला कानानेच कळतंय. २०२० च्या अहवालात चिमणीचं आलं होतं, सगळे म्हणत होते चिमण्या संपल्या, तर देशभर बघितलं तर ती बऱ्यापैकी टिकून आहे, मोठ्या महानगरांत मात्र घटलीय. असं नुसत्या आठवणींवरून कधी कळलं नसतं.

पण मला लागलं ते चासचं, म्हणजे नीलकंठाचं. आपल्याकडे दसऱ्याला चास दिसला की शुभ मानतात, आई सांगते की तिच्या लहानपणी डभोईच्या रस्त्याने जाताना तारांवर किती तरी दिसायचे, दसऱ्याला मुद्दाम शोधावा लागायचा नाही. २०२३ च्या अहवालात अशा १४ जाती आहेत ज्या ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटल्यात आणि ज्यांचा रेड लिस्टमधला (धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीतला) दर्जा परत तपासावा असं सुचवलंय, त्यात हा चास आहे. रोजचा पक्षी म्हणून कोणी लिहायचा कंटाळा केला असता तर हे कळलं असतं का? म्हणून आता वढवाण्याला जाताना डभोईच्या पुढे गाडी हळू घेतो, आई डावीकडच्या तारा बघते आणि मी उजवीकडच्या.

वढवाण्याचं थोडं सांगायलाच हवं. सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीसाठी बांधलेला तलाव, २०२१ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आला, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर असल्यामुळे हिवाळ्यात बदकांचे थवे. तिथे आकडा टाकणं हेच सगळ्यात अवघड काम. वारकरी (कूट नावाचे काळे पाणपक्षी) पाण्यावर काळ्या मोहरीसारखे पसरलेले असतात, सुरुवातीला मी अंदाजे "५००" ठोकत असे. आता आधी दहा मोजते, दहा म्हणजे पाण्यावर किती जागा ते डोळ्यांत धरते, मग तेवढे तुकडे मोजत जाते, थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा. आई मला "हळदीकुंकू बदक सात, नाही आठ, शेकाटे तेरा" असं ओरडून सांगते आणि मी टाइप करते. दुर्बीण ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी) पुरते, १० पटीची माझ्या हातात थरथरते.

एकदा एका यादीत मी मत्स्यगरुड टाकला. अ‍ॅपने तिथेच विचारलं की हा इथे नेहमीचा नाही, तपशील लिहा. मी दोन ओळी लिहिल्या, नंतर पक्षी तपासणाऱ्या एका स्वयंसेवकाची मेल आली, फोटो आहे का, शेपटी कशी होती. फोटो परत मोठा करून बघितला तर ती दलदलीवर फिरणारी हॅरियर (घारीसारखा शिकारी पक्षी) निघाली. मला अजिबात वाईट वाटलं नाही, उलट असं कोणीतरी बसून बघतंय म्हणूनच त्या आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो. त्याच कॉर्नेल लॅबचं मर्लिन अ‍ॅप आवाज ऐकून नाव सुचवतं, शिकायला फार छान, पण ते सुचवतं तेवढंच, पक्षी स्वतः ओळखल्याशिवाय यादीत घालू नका.

उणीव म्हणाल तर ती आपल्या फिरण्यात आहे. सगळे जण रविवारी, हिवाळ्यात आणि चांगल्या तलावावर जातात. मे महिन्यात साध्या शेताच्या बांधावर कोणी जात नाही, रात्री घुबडांसाठी तर फारच थोडे. म्हणून मी महिन्यातून एकदा तरी सोसायटीमागच्या पडीक प्लॉटवर पंधरा मिनिटं एका जागी उभी राहते. तिथली परवाची यादी : पारवे २३, साळुंक्या ९, बुलबुल ४, टिटवी २, शिंपी १, कोतवाल १. चिमणी नाही.

५ पैकी ५ देते. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट (जगभर एकाच वेळी पक्षी मोजायचा उपक्रम) असतो, यावेळी आम्ही सकाळी साडेसहाला कमाटीबागेच्या मुख्य गेटपाशी भेटतोय, नंतर सेव उसळ खायला जाऊ, वही-पेन आणलं तरी चालेल, अ‍ॅप मी तिथे टाकून देईन, फक्त कावळे मोजायला लाजू नका.