ओल्या रस्त्याला ‘ए’, आवाजाला काठावर पास: १९५/६५ आर १५ टायर
ब्रँड कोणता, हे विचारू नका. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचं लेबल, म्हणजे पकड, इंधन आणि आवाजाचे दर्जे दाखवणारी चिठ्ठी, मापागणिक बदलते, तेव्हा माझे टायर चांगले निघाले म्हणून तुमच्या मापाचे निघतीलच असं नाही. माझं माप १९५/६५ आर १५, पुढे ९१ एच. म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो भार आणि वेगाची मर्यादा ताशी २१० किलोमीटर. त्या वेगाच्या आसपासही मी जात नाही, पण गाडीच्या पुस्तिकेत जे दिलंय त्याच्या खालचं काही घ्यायचं नाही, एवढं पक्कं होतं.

निवडले ते युरोपीय लेबल बघून. ओल्या रस्त्यावरची पकड ए, इंधन बी, आवाज ७० डेसिबल आणि त्याचा वर्ग बी. २०२१ पासून पकड आणि इंधनाच्या पायऱ्या ए ते ई अशा पाच आहेत. दुकानदाराला मात्र लेबलात काही रस नव्हता, त्याचं बोट सारखं साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूवरच्या, ‘ट्रेडवेअर ५००’वर. टायर किती हळू झिजतो त्याचा हा आकडा, जास्त तितका बरा. पद्धत अमेरिकी. टेक्सासमधल्या ठरलेल्या मार्गावर गाड्यांचा ताफा सुमारे ११,६०० किलोमीटर चालवतात, झीज एका संदर्भ टायरशी ताडून बघतात आणि पुढचा हिशोब मांडून आकडा ठरवते ती कंपनीच. एकाच कंपनीच्या दोन टायरांत डावं-उजवं करायला ठीक आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचे ५०० सारखेच, असं मी तरी धरणार नाही.

आता पावसाचं. माझ्या जुन्या टायरांशी तुलना करण्यात अर्थ नाही, त्यांच्या खाचा झिजून १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकल्या होत्या. त्यांच्यापुढे कुठलाही नवा टायर शूर वाटला असता. पण दिराकडे हीच गाडी आहे आणि तिचे टायरही साधारण तेवढेच नवे, फक्त पकडीला सी. दोन्ही गाड्या मी पावसात चालवल्या आहेत. उतारावरच्या सिग्नलला जरा जोरात ब्रेक दाबला की त्याच्या गाडीत पायाखाली एबीएसची (चाकं घसरू लागली की ती अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) धडधड सुरू होते. माझी त्याच जागी, तेवढ्याच वेगाला, मुकाट्याने थांबते. यासाठीच जास्तीचे पैसे मोजले होते, ते वसूल झाले.

तरी ‘ए’ म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. ही चाचणी म्हणजे ताशी ८० वरून २० पर्यंत ब्रेक लावणं, तेही जेमतेम मिलिमीटरभर पाण्यावर. रस्त्यात पाणी साचलं असेल तर ते बाजूला सारायचं काम खाचांचं, आणि तिथे लेबल गप्प असतं. एका पुलाखालच्या डबक्यात स्टिअरिंग क्षणभर हलकं झालं ते याच टायरांवर. शिवाय दर्जा मिळतो तो कोऱ्या टायराला; अर्धा घासल्यावर तो ‘ए’च्या लायकीचा राहतो का, हे लेबलावरून कळत नाही. म्हणून खाचांची खोली मोजायची छोटी पट्टी डिकीत ठेवली आहे. १.६ ही कायद्याची हद्द झाली, मी ३ मिलिमीटरलाच बदलणार.

इंधनात फरक असेलही, मला जाणवला नाही.

तक्रार आहे ती आवाजाची. खडबडीत काँक्रीटवर आत सतत गुणगुण ऐकू येते, मागे बसलेल्यांना जास्तच. लेबलावरचे ७० डेसिबल मोजतात ते बाहेर: इंजिन बंद करून गाडी ताशी ८० च्या वेगाने नुसती घरंगळू देतात आणि साडेसात मीटरवर मायक्रोफोन असतो. म्हणजे तो आकडा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसासाठी. आत बसणाऱ्याला त्यावरून फारसं काही कळत नाही.

बसवताना उभं राहून दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे टायरवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक, म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. चारही टायर ताजे होते. दुसरं, नक्षी दोन बाजूंना वेगळी असल्यामुळे ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आली की नाही. हवेचं मात्र बसवणाऱ्याने अंदाजपंचे केलं. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर ३३ सांगतो, याने ४० पीएसआय भरून दिली. घरी येईपर्यंत प्रत्येक खड्डा कमरेत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, ३३ वर आणली आणि गाडी निम्मी मऊ झाली. साइडवॉलवर छापलेला दाब हा कमाल दाब असतो, तो भरायचा नसतो. त्याने नायट्रोजनचाही आग्रह धरला होता. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, त्यामुळे नको म्हटलं. थंडीत तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, तेव्हा महिन्यातून एकदा गेज लावून बघते.

पावसात रोज गाडी काढावी लागते अशांना या मापात असे टायर बिनधास्त सुचवेन. काँक्रीटच्या महामार्गावर तासन् तास जाणाऱ्यांनी मात्र आधी हेच टायर असलेल्या कुणाच्या तरी गाडीत, मागच्या सीटवर बसून एक फेरी मारावी.