आंतरराज्य-११ च्या नियोजनातील नागरिक-अभिप्राय व्यवस्था : एक परीक्षण

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात नोगालेस ते विकेनबर्ग असा सुमारे २८० मैलांचा ‘आंतरराज्य-११’ हा नवा महामार्ग आखताना नागरिकांची मते मागवण्यासाठी जी व्यवस्था उभारली गेली, ती कागदोपत्री निश्चितच उदार होती. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मसुदा २०१९ मध्ये खुला झाला, जाहीर सुनावण्या झाल्या आणि लेखी हरकतींसाठी कायद्याने अपेक्षित असलेल्या ४५ दिवसांहून बराच अधिक अवधी मिळाला.

माझा मुख्य आक्षेप मात्र प्रश्नाच्या स्वरूपावरच आहे. पहिल्या टप्प्यात केवळ २,००० फूट रुंदीचा पट्टा ठरवला जातो आणि प्रत्यक्ष रेषा दुसऱ्या टप्प्यावर सोडली जाते, त्यामुळे आपले घर वा विहीर रस्त्याखाली जाणार की नाही, हे ठाऊक नसतानाच माणसाला मत द्यावे लागते. शिवाय अहवाल इतका जाडजूड, की सवडीने वाचायचा म्हटला तरी सामान्य वाचक प्रस्तावनेतच दमावा!

तरीही अभिप्राय अगदीच वाया गेले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मसुद्यात टुसॉन शहराच्या पश्चिमेकडील अव्रा खोऱ्यातून जाणाऱ्या मार्गाची शिफारस होती. सग्वारो राष्ट्रीय उद्यानाच्या सान्निध्यामुळे तिला तीव्र विरोध झाला आणि २०२१ च्या अंतिम अहवालात विद्यमान महामार्गांलगतचा पूर्वेकडील पर्यायही कायम ठेवण्यात आला. पश्चिमेकडील पर्याय मात्र वगळला गेला नाही.