ठाणे की नवी मुंबई? स्टार्टअप हलवण्याआधी

बंगळुरू किंवा पवईतून इकडे यायचं ठरवलेले संस्थापक पहिल्यांदा चौरस फुटाचा दर विचारतात. मी म्हणेन, आधी टीम कुठे राहते ते बघा.

समजा बहुतेक जण कल्याण-डोंबिवलीचे आहेत. नकाशावर ठाण्यातला ऑफिसांचा भाग, वागळे इस्टेट, जवळ दिसतो, पण ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत सकाळ तिथेच जाते. त्याच स्टेशनवर गाडी बदलून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की मध्ये फक्त दिघा गाव, पुढे नवी मुंबईतली ऐरोली. माइंडस्पेस हे आयटी पार्क स्टेशनला लागूनच आहे, चालत जाता येतं. तरुण मुलं नोकरी सोडतात त्यात रोजच्या प्रवासाचा वाटा मोठा असतो, म्हणून सॉफ्टवेअर कंपनीसाठी माझं मत ऐरोलीला. हार्डवेअर करत असाल तर प्रश्नच नको: रबाळे, महापे, तुर्भे हा एमआयडीसीचा पट्टा. फॅब्रिकेशनवाले हाकेच्या अंतरावर आणि डेटा सेंटरही याच भागात.

घोडबंदर रोडला ऑफिस घेऊ नका. जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर त्याच रस्त्यावर असतात. राहायला मात्र ठाणे छान. येऊरचं जंगल, तलाव, गडकरी रंगायतन, चांगल्या शाळा; घरच्यांचं मन इथे लवकर रमतं. घर ठाण्यात आणि ऑफिस ऐरोलीत, ही जोडी मला सगळ्यात पटते.

गुंतवणूकदारांचं गणित वेगळं. त्यांच्या बैठका बीकेसी आणि लोअर परळला, आणि तिथे पोचायला दोन्हीकडून वेळ लागतोच. अटल सेतूमुळे नवी मुंबई जवळ आली, हे उलवे-पनवेलपुरतं खरं. ऐरोलीकराला त्या पुलाचा फारसा उपयोग नाही. सतत विमानाने फिरणाऱ्याने खारघर-पनवेल जरूर बघावं, कारण नवी मुंबईचा विमानतळ तिथून जवळ आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. पवईहून येताना नोंदणीकृत कार्यालय हलवायला शहर बदलत असल्याने भागधारकांचा विशेष ठराव लागतो. बंगळुरूहून येताना राज्य बदलतं, म्हणून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते आणि त्यात वेळ जातो. तोवर महाराष्ट्राची जीएसटी नोंदणी घेऊन इथे शाखा उघडा आणि कामाला लागा.