माचा की गोकर्ण: पहिल्यांदा कोणती पूड घ्यावी?

हिरवी माचा हा खराखुरा चहा, चहाच्याच पानांची बारीक पूड. जपानात तोडणीआधी झाडांवर काही आठवडे सावली धरतात, म्हणून रंग गडद आणि चव पालेभाजीसारखी. आपल्या चहासारखी ती उकळायची नाही. तिथेच बहुतेकांचं बिघडतं. पाणी उकळून पाच मिनिटं थांबा, साधारण 75 अंशांवर येऊ द्या. 2 ग्रॅम पूड गाळणीतून चाळा, नाहीतर गुठळ्या राहतात. 70 मिली पाणी घालून छोट्या रवीने फेस येईपर्यंत घुसळा. गाळायचं नाही, पूड पोटातच जाते. त्यामुळे कॅफिनही पूर्ण मिळतं, रात्री नको. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात उघडं पाकीट ओट्यावर ठेवलं तर पूड पिवळट, कडसर होते. हवाबंद डबीत, फ्रीजमध्येच ठेवा.

निळी पूड गोकर्णाच्या फुलांची, कुंपणावर चढतो तोच वेल. यात चहाचं पान नाही, कॅफिन नाही, चवही जवळजवळ नाही. अर्धा चमचा, 150 मिली गरम पाणी, पाच मिनिटं, मग गाळा. लिंबू पिळलं की आम्लामुळे जांभळा रंग येतो. खाण्याचा सोडा चिमूटभर पडला तर हिरवट.

दूध-साखरेची सवय असेल तर माचाच घ्या, ती दुधात टिकते. गोकर्ण उन्हाळी सरबतासाठी उत्तम.